इंग्रजी नामांचे पाच कप्पे आता मोडायला हवेत

इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेत एक प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातो. वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ मारलेली असते आणि ते नाम कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखायचं असतं. ‘आर्मी’ आली की कलेक्टिव्ह (समूहवाचक), ‘सोल्जर’ आला की कॉमन (सामान्यनाम), ‘गोल्ड’ आलं की मटेरियल (पदार्थवाचक), ‘ऑनेस्टी’ आली की ॲब्स्ट्रॅक्ट (भाववाचक), आणि एखाद्या नदीचं किंवा माणसाचं नाव आलं की प्रॉपर (विशेषनाम). पाच कप्पे, पाच उत्तरं आणि हमखास मिळणारा गुण. हा प्रश्न अभ्यासक्रमातून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो अवघड आहे अशी तक्रार नाही, उलट तो फारच सोपा आहे. ज्याला पाचही व्याख्या तोंडपाठ आहेत त्यालाही ‘इन्फर्मेशन’ला एस लावायचा की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि इंग्रजी लिहिताना पदोपदी अडतं ते नेमकं तिथेच.

व्याकरणातलं वर्गीकरण कशासाठी असतं? दोन शब्द वेगळ्या वर्गात घातले, तर वाक्यात कुठेतरी त्यांचं वागणं वेगळं दिसायला हवं. एकाच्या आधी जे येतं ते दुसऱ्याच्या आधी येऊ नये, एकाला जे रूप चालतं ते दुसऱ्याला चालू नये. तसा काहीच फरक पडत नसेल, तर तो वर्ग अर्थाबद्दल काही सांगत असेल, पण व्याकरणाबद्दल काही सांगत नाही.

ही कसोटी पाच कप्प्यांना लावून पाहू. ‘सोल्जर’ आणि ‘आर्मी’ वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. पण ‘अ सोल्जर’ होतं तसं ‘ॲन आर्मी’ होतं, ‘सोल्जर्स’ होतं तसं ‘आर्मीज’ होतं, ‘टू सोल्जर्स’ म्हणता येतं तसं ‘टू आर्मीज’ही म्हणता येतं. ‘मेनी’ दोघांनाही चालतं, ‘मच’ दोघांनाही चालत नाही. आता दुसरी जोडी घ्या. ‘गोल्ड’ मटेरियल आणि ‘ऑनेस्टी’ ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे एक हातात धरता येतं आणि दुसरी डोळ्यांनाही दिसत नाही. तरी दोघांच्या आधी ‘अ’ येत नाही, दोघांचं अनेकवचन होत नाही, दोघांनाही ‘मच’ आणि ‘लिटल’ चालतं. अर्थाच्या दृष्टीने दोन टोकांवर असलेले हे शब्द वाक्यात सख्ख्या भावंडांसारखे वागतात.

याहून मोठी अडचण ॲब्स्ट्रॅक्टच्या कप्प्यात आहे. ‘आयडिया’, ‘प्रॉब्लेम’, ‘मिस्टेक’, ‘रीझन’ हे शब्द डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे आहेत, तेव्हा व्याख्येप्रमाणे ते ‘ऑनेस्टी’च्या शेजारी बसतात. पण ‘ॲन आयडिया’ होतं, ‘आयडियाज’ होतं, ‘मेनी प्रॉब्लेम्स’ होतं. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘सजेशन’ यांच्या अर्थात फारसं अंतर नाही. तरी ‘टू सजेशन्स’ बरोबर आणि ‘टू ॲडव्हाइसेस’ चूक. ‘वर्क’ आणि ‘जॉब’ यांचंही तसंच. म्हणजे इंग्रजी नामांमधली खरी सीमारेषा ॲब्स्ट्रॅक्टच्या कप्प्याच्या मधोमध जाते आणि कप्पा ती झाकून टाकतो. ती रेषा मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांमधली आहे. काउंटेबल आणि अनकाउंटेबल ही जोडी आता बहुतेक पुस्तकांत असते, पण बऱ्याचदा पाच प्रकार उरकल्यावर, शेवटच्या परिच्छेदात, जोडपत्र लावल्यासारखी.

आणि शब्द एका कप्प्यात बसूनही राहत नाहीत. ‘युथ’ पाहा. ‘इन माय युथ’मध्ये तो तारुण्य ही अवस्था सांगतो, तेव्हा भाववाचक. ‘अ युथ’ म्हटलं की एक तरुण मुलगा, म्हणजे सामान्यनाम. ‘द युथ ऑफ द कंट्री’ म्हटलं की सगळी तरुण पिढी, म्हणजे समूहवाचक. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड आणि ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री. ‘देअर इज नो रूम’मध्ये जागा नाही आणि ‘अ रूम’मध्ये खोली आहे. परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याचा प्रकार विचारला, तर खरं उत्तर ‘वाक्य दाखवा, मग सांगतो’ असं असायला हवं. पण त्या उत्तराला गुण मिळत नाहीत.

हे कप्पे आले कुठून, हे पाहिलं की त्यांच्याबद्दलचा दरारा कमी होतो. ज्या ग्रीक व्याकरणावर पुढे युरोपातली व्याकरणं उभी राहिली, ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर आहे. त्यात नामांच्या प्रकारांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यात समूहवाचक नामही आहे: एकवचनी रूपात असून अनेकांचा बोध करून देणारं नाम. त्याची उदाहरणं जनता, नृत्यवृंद आणि जमाव या अर्थांच्या ग्रीक शब्दांची आहेत. ही व्याख्या आजही आपण जवळजवळ तशीच पाठ करतो. पण त्याच यादीत विशेषणंही नामांचाच एक प्रकार म्हणून आली आहेत, क्रमवाचक आणि संख्यावाचक शब्दही आले आहेत. पुढे विशेषणं नामांपासून वेगळी काढली गेली, कारण ती वाक्यात वेगळी वागतात हे मान्य झालं. एकदा केलेली विभागणी बदलता येते, आणि बदलली गेली आहे, याचा हा जुना पुरावा आहे.

तर्कशास्त्राच्या बाजूनेही हे पाच कप्पे उभे राहत नाहीत. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात नावांची वर्गवारी केली, तेव्हा समूहवाचक आणि सामान्य यांची गल्लत करू नये असं बजावलं होतं. त्यांचं उदाहरण लष्करी पलटणीचं आहे. ब्रिटिश सैन्यातली ७६ क्रमांकाची पायदळ पलटण हे समूहाचं नाव आहे, पण ते एकाच पलटणीचं, म्हणून ते विशेष. नुसतं ‘अ रेजिमेंट’ हे समूहाचंही नाव आहे आणि सामान्यही. थोडक्यात, समूह आहे की नाही हा एक प्रश्न झाला, आणि नाव एकाचं की त्या जातीच्या सगळ्यांचं हा दुसरा. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत एकाखाली एक लिहिली, तर एक शब्द दोन ठिकाणी बसणारच. मराठी व्याकरणाने या बाबतीत जास्त शहाणपणा दाखवला आहे. आपल्याकडे सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम असे तीनच मुख्य प्रकार शिकवतात, आणि समूहवाचक व पदार्थवाचक ही सामान्यनामाची पोटात घेतलेली रूपं मानतात. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याच मुलाला ही पाचही भावंडं समान हक्काची आहेत असं सांगितलं जातं.

आता समूहवाचक नामाच्या कप्प्याकडेच वळू, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथे आहे. व्याख्या अशी: माणसं, प्राणी किंवा वस्तू यांच्या समूहाला दिलेलं एक नाव. या व्याख्येत ‘टीम’, ‘पोलीस’, ‘कॅटल’, ‘लगेज’ आणि ‘फर्निचर’ हे सगळे शब्द बसतात. पण वाक्यात ते तीन वेगळ्या तऱ्हांनी वागतात. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘ज्युरी’, ‘फॅमिली’ हे मोजता येतात, ‘अ टीम, टू टीम्स’ असं सरळ होतं. ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ यांना एकवचनच नाही. ‘अ पोलीस’ होत नाही, ‘पोलीसेस’ होत नाही, आणि क्रियापद कायम ‘आर’. एक माणूस सांगायचा तर ‘अ पोलीस ऑफिसर’ म्हणावं लागतं आणि गुरं मोजायची तर ‘ट्वेंटी हेड ऑफ कॅटल’. तिसरी तऱ्हा ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘मशिनरी’ यांची. त्यांना ‘अ’ नाही, अनेकवचन नाही आणि क्रियापद कायम ‘इज’.

एकाच व्याख्येखाली तीन वागणुका ठेवल्या की काय होतं, ते विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसतं. ‘लगेज’ म्हणजे अनेक बॅगांचा समूह, म्हणून ते समूहवाचक. ‘टीम’ही समूहवाचक आणि तिचं ‘टीम्स’ होतं. मग ‘लगेज’चं ‘लगेजेस’ का होऊ नये? मूल शिकवलेल्या नियमावरून अगदी बरोबर निष्कर्ष काढतं आणि चुकीचं इंग्रजी लिहितं. ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘लगेजेस’ ही रूपं बेफिकिरीतून आली असं शिक्षक म्हणतात. माझ्या मते त्यातली बरीच या कप्प्यानेच शिकवलेली असतात. ज्या नियमातून प्रामाणिकपणे विचार करणाऱ्याच्या हातून चूक होते, त्या नियमाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

समूहवाचक ही कल्पना पूर्ण निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. इंग्रजीत एक जागा अशी आहे जिथे तिचं महत्त्व खरंच आहे, आणि ती जागा विलक्षण सुंदर आहे. दुर्दैवाने शाळेत तिथवर कोणी पोचतच नाही. ‘टीम’ प्रकारच्या नामांनंतर क्रियापद एकवचनी घ्यायचं की अनेकवचनी, हा तो प्रश्न. लिंडली मरे यांचं १७९५ सालचं इंग्रजी व्याकरण कित्येक दशकं शाळांमधून चाललं. त्यातला नियम असा आहे की, अनेकांचा बोध करणाऱ्या नामाला एकवचनी किंवा अनेकवचनी, दोन्ही क्रियापदं चालतील, मात्र त्या शब्दातून एकपणा मनात येतो की अनेकपणा, हे पाहूनच. आजच्या ब्रिटिश इंग्रजीचं वर्णन याहून नेमकं करणं कठीण आहे. ‘द कमिटी वॉज सेट अप लास्ट इयर’ म्हणताना समिती ही एक संस्था म्हणून समोर असते. ‘द कमिटी आर स्टिल आर्ग्युइंग’ म्हणताना टेबलाभोवती बसून वाद घालणारी माणसं दिसतात.

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना हे कानाने माहीत असतं. ‘इंग्लंड आर बॅटिंग’ असं ब्रिटिश समालोचक सहज म्हणतो, कारण तिथे ‘इंग्लंड’ म्हणजे अकरा खेळाडू. त्याच देशाचा भूगोल सांगताना मात्र ‘इंग्लंड इज’ होतं. नाव तेच, विशेषनामच, पण एकदा संघ आणि एकदा भूभाग. अमेरिकन इंग्रजीत ‘द टीम इज’ असा एकवचनाकडे जास्त कल आहे. पण तिथेही नियम ठोकळेबाज नाही. बास्केटबॉलच्या ‘युटा जॅझ’ संघाच्या नावात अनेकवचनाचा एस नाही, तरी अमेरिकन वर्तमानपत्रं त्याच्यापुढे ‘आर’ लिहिताना दिसतात.

या प्रकाराकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘धिस कमिटी आर’ असं म्हणता येतं, पण ‘दीज कमिटी आर’ असं कोणीही म्हणत नाही. म्हणजे नामाच्या आधीचा शब्द नामाच्या रूपाकडे बघून एकवचनात राहतो, आणि नामाच्या पलीकडचं क्रियापद अर्थाकडे बघून अनेकवचनात जातं. एकाच वाक्यात नामाच्या डावीकडे एक हिशेब आणि उजवीकडे दुसरा. मराठी माणसाला असा संख्येतला फेरफार अनोळखी नाही. ‘काका आले’ म्हणताना काका एकच असतात आणि क्रियापद अनेकवचनी असतं. पण आपल्याकडे ‘माझे काका आले’ होतं, ‘माझा काका आले’ कधीच होत नाही. आदर दाखवायचा तर मराठी दोन्ही बाजू बदलते, समूह दाखवायचा तर इंग्रजी एकच बाजू बदलते. आणि समूहाच्या बाबतीत मराठीला हा प्रश्न पडतच नाही. ‘समिती बसली’, ‘संघ जिंकला’, सगळं एकवचनी. ‘समितीने निर्णय घेतला’ यात तर क्रियापद ‘निर्णय’ या शब्दाप्रमाणे चालतं, समितीचा संबंधच येत नाही. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ही जागा मुद्दाम थांबून दाखवायला हवी. ‘आर्मी हे कलेक्टिव्ह नाऊन आहे’ एवढं बोलून पुढे जाणं म्हणजे दारापर्यंत नेऊन परत आणणं आहे.

संख्या शब्दाच्या रूपात नसून बोलणाऱ्याच्या मनातल्या चित्रात असते, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. १७८७ मध्ये लिहिलेल्या मूळ मसुद्यात देशद्रोहाची व्याख्या करताना ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देम’ आणि ‘देअर’ ही अनेकवचनी सर्वनामं वापरली आहेत: ‘त्यांच्याविरुद्ध’ युद्ध पुकारणं, ‘त्यांच्या’ शत्रूंना सामील होणं. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर ज्युरिस्डिक्शन’ असेच शब्द आहेत. आज तोच देश ‘द युनायटेड स्टेट्स इज’ आहे. नावातलं एक अक्षरही बदललेलं नाही. बदललं ते त्या नावाने उभं राहणारं चित्र, राज्यांचा संघ की एक राष्ट्र. एवढा राजकीय इतिहास एका क्रियापदात साठलेला असताना आपण मुलांना त्या शब्दाखाली रेघ मारून ‘प्रॉपर नाऊन’ लिहायला लावतो.

याच्या जागी समूहवाचक नामांच्या नावाखाली जे पाठ करवलं जातं, ती प्राणी-पक्ष्यांची यादी. कावळ्यांचा ‘मर्डर’, सिंहांचा ‘प्राइड’, चंडोल पक्ष्यांचं ‘एग्झाल्टेशन’, डोमकावळ्यांची ‘अनकाइंडनेस’. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तर ही यादी पानोपानी असते. तिचं मूळ पंधराव्या शतकात आहे. १४८६ साली इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स इथे शिकार, ससाणे आणि कुलचिन्हं यांच्यावरचा एक ग्रंथ छापला गेला, त्यात अशा शब्दांची मोठी यादी आहे. खानदानी माणसाला शिकारीची परिभाषा यायला हवी, हा तिच्यामागचा विचार. पण ती यादी प्राण्यांवर थांबत नाही. तिच्यात न्यायाधीशांचं ‘सेंटेन्स’ आहे, वकिलांचं ‘एलोक्वेन्स’ आहे, निरोप्यांचं ‘डिलिजन्स’ आहे, जोगिणींची ‘सुपरफ्लुइटी’ म्हणजे अतिरेकच आहे. हे त्या काळातल्या कुणा चतुर माणसाचे शब्दखेळ आहेत हे उघड दिसतं. यातले ‘प्राइड ऑफ लायन्स’सारखे मोजके शब्द रुळले. बाकीचे अशा याद्यांबाहेर क्वचितच भेटतात. झाडावर कावळे जमलेले पाहून इंग्रजी बोलणारा सामान्य माणूस ‘फ्लॉक’ म्हणतो किंवा नुसतं ‘अ लॉट ऑफ क्रोज’ म्हणतो.

मराठीतही थवा, कळप, तांडा, मोळी, जुडगा असे समूहदर्शक शब्द आहेत आणि तेही शाळेत पाठ करून घेतात. पण ते शब्द आधी लोकांच्या तोंडी होते, मग पुस्तकात आले. किल्ल्यांचा जुडगा हरवला की माणूस ‘जुडगा’च म्हणतो. कावळ्यांच्या ‘मर्डर’चं तसं नाही. ती यादी गंमत म्हणून वाचावी, तिच्यातली कल्पकता दाद देण्यासारखीच आहे. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या शिकारी दरबाऱ्यांच्या शब्दखेळावर आज कुणाची नोकरीची परीक्षा अडावी, हे मला मुळीच पटत नाही. त्याच वेळात ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ बिट ऑफ न्यूज’, ‘ॲन आयटम ऑफ क्लोदिंग’ या रोज लागणाऱ्या रचना शिकवता येतील. न मोजता येणारी गोष्ट मोजायची झाली की इंग्रजी हाच मार्ग धरतं.

मोजणं हे जगाकडे पाहून ठरत नाही, भाषा ठरवते. हे एकदा पटलं की बाकीचं सोपं होतं. त्याच खुर्च्या-टेबलांना फ्रेंच माणूस एकेक करून मोजतो, जर्मन माणूस त्यांच्यासाठी अनेकवचनी शब्द वापरतो, आणि इंग्रजीत ‘फर्निचर’ हे पाण्यासारखं एकसंध होऊन बसतं. लाकूड तेच, पाय तेवढेच. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांनी १९३३ मध्ये इंग्रजीतलंच एक उदाहरण दिलं होतं, जे मला अजूनही सर्वांत चांगलं वाटतं: ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी. दोन्ही धान्यंच, दाण्यांच्या आकारात असा काय फरक आहे? त्यांच्या आधी, १९२४ मध्ये, डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी मोजता येणारे शब्द आणि राशीवाचक शब्द अशी जोडी सविस्तर मांडली होती, आणि राशीमध्ये पाणी-सोन्याबरोबर ज्ञान-संगीतही घातलं होतं. मटेरियल आणि ॲब्स्ट्रॅक्ट यांच्यामधली भिंत त्यांनी तेव्हाच पाडली होती. शंभर वर्षं होऊन गेली, पाठ्यपुस्तकात ती भिंत अजून उभीच आहे.

मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्याला हा धडा दुप्पट लागतो, कारण दोन भाषांचे हिशेब कुठे जुळतात आणि कुठे अचानक तुटतात. ‘माहिती’ आपणही मोजत नाही, तेव्हा ‘इन्फर्मेशन’ जमायला हरकत नसते. पण ‘केस पांढरे झाले’ म्हणणारा माणूस ‘हिज हेअर्स आर व्हाइट’ लिहितो, कारण मराठीत केस अनेक आहेत. ‘बातम्या लागल्या’ म्हणणारा ‘द न्यूज आर’ लिहितो. ‘त्याने मला दोन सल्ले दिले’ हे शुद्ध मराठी ‘टू ॲडव्हाइसेस’ होऊन अशुद्ध इंग्रजी होतं. या तीनही चुका पाच कप्प्यांच्या वर्गीकरणात पकडताच येत नाहीत. ‘हेअर’ कॉमन की मटेरियल, यावर वर्गात चर्चा होऊ शकते. त्याचं उत्तर काहीही आलं तरी ‘हेअर्स’ तसाच राहतो.

लहान मुलांना गणनीय आणि अगणनीय हा भेद जड जाईल, त्यापेक्षा दिसणारं-न दिसणारं सोपं, असा बचाव नेहमी केला जातो. त्याला उत्तर १९५७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी केलेल्या प्रयोगात आहे. शाळेतही न गेलेल्या इंग्रजीभाषक मुलांना त्यांनी एक चित्र दाखवलं. त्यात एका भांड्यात रंगीत तुकड्यांसारखं काहीतरी होतं आणि दोन हात ते मळत होते. मग एक अर्थहीन शब्द घेऊन काही मुलांना ‘अ सिब’ दाखवा म्हटलं, काहींना ‘एनी सिब’, काहींना ‘सिबिंग’. पुढच्या चित्रांमधून ‘अ सिब’ ऐकलेली मुलं बहुतेक भांड्याकडे वळली, ‘एनी सिब’ ऐकलेली त्या मळलेल्या पदार्थाकडे, आणि ‘सिबिंग’ ऐकलेली हातांच्या क्रियेकडे. शब्द तिघांसाठी तोच होता, बदललं होतं फक्त त्याच्या आजूबाजूचं व्याकरण. ‘अ’ आला म्हणजे एक सुटी वस्तू, हे ती मुलं व्याख्या न शिकता ओळखत होती. मातृभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना जे तीन-चार वर्षांच्या वयात कळतं, ते दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला उदाहरणांतून नक्की कळेल.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मोजता येणारी आणि न येणारी हे कप्पेही गळके आहेत. ‘टाइम’ मोजता येत नाही, पण ‘थ्री टाइम्स’ होतं. ‘लाइट’ प्रकाश असतो आणि ‘अ लाइट’ दिवा. मग एका चुकीच्या वर्गीकरणाच्या जागी दुसरं चुकीचं वर्गीकरण आणून काय साधलं? हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यातला निष्कर्ष नाही. ‘लाइट’ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की अर्थ बदलतो, आणि पसरलेल्याकडून सुट्या वस्तूकडे होणारा हा बदल शेकडो शब्दांत सारखाच दिसतो. तो ओळखायला शिकणं हेच तर इंग्रजी शिकणं. पाच कप्प्यांत ‘युथ’ किंवा ‘ब्यूटी’ जागा बदलतात, तेव्हा तो अपवाद म्हणून तळटीपेत टाकला जातो. काळाच्या ओघातही शब्द या रेषेवरून ये-जा करतात. वाटाण्यासाठीचा ‘पीज’ हा जुन्या इंग्रजीत एकवचनी शब्द होता. शेवटचा आवाज अनेकवचनाचा वाटला म्हणून लोकांनी तो काढून ‘पी’ हा नवा शब्द घडवला. ‘डेटा’ लॅटिनमध्ये अनेकवचनी आहे, आता बहुतेक लोक त्याला ‘माहिती’सारखा एकवचनी वापरतात.

काही गोष्टी ठेवण्यासारख्या आहेत, हेही सांगायला हवं. विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद लिहिताना रोज लागतो. मोठं अक्षर कुठे, ‘द’ कुठे लागतो आणि कुठे नाही, हे त्यावर ठरतं. भाववाचक नामं शब्द कसे घडतात हे शिकवताना उपयोगी आहेत, ‘काइंड’पासून ‘काइंडनेस’, ‘ऑनेस्ट’पासून ‘ऑनेस्टी’. ती शब्दसंग्रहाच्या धड्यात जावीत. समूहवाचक नाम ‘इज’ आणि ‘आर’च्या धड्यात यावं, ‘टीम’, ‘पोलीस’ आणि ‘फर्निचर’ अशा तीन तऱ्हांनिशी. मटेरियल नाऊन हा शब्द मात्र सरळ सोडून द्यावा. तो गेल्याने कुणाचं इंग्रजी बिघडल्याचं मला एकही उदाहरण सुचत नाही.

हे करायला नवं काही शोधण्याची गरज नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांच्या साथीने परभाषकांसाठी एक शब्दकोश तयार केला. तो १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डकडून निघू लागला. त्यात नामांपुढे काउंटेबलसाठी सी आणि अनकाउंटेबलसाठी यू अशी अक्षरं होती, कारण परक्या विद्यार्थ्याला शब्द वापरताना हीच माहिती लागते हे त्यांना वर्गात कळलं होतं. आजच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी शब्दकोशात ती अक्षरं आहेत. मात्र ती कशी वाचायची हे शाळेत फार कमी ठिकाणी शिकवलं जातं, आणि परीक्षेत तर कधीच विचारलं जात नाही. प्रकार ओळखण्याच्या प्रश्नाच्या जागी शब्दकोशातली एक नोंद छापावी. ‘एक्सपीरियन्स’ चालेल, तिच्यापुढे दोन्ही अक्षरं असतात: सी म्हणजे आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग, यू म्हणजे कामातून आलेली जाण. खाली दोन वाक्यं द्यावीत, ‘शी हॅज अ लॉट ऑफ एक्सपीरियन्स’ आणि ‘शी हॅड मेनी स्ट्रेंज एक्सपीरियन्सेस’. यातलं कोणतं नोकरीच्या अर्जात शोभेल आणि कोणतं प्रवासवर्णनात, ते कारणासह लिहा, असा प्रश्न विचारावा आणि पूर्ण गुण त्या कारणाला द्यावेत.